शंका-समाधान : अभिक्रियेचा दर मोजताना

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे रासायनिक अभिक्रियांच्या दराबद्दल आहेत. काही शंका प्रयोग करताना आलेल्या आहेत, तर काही पुस्तकातल्या एखाद्या वाक्याशी अडलेल्या. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून कागदावरची फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजण्याचा प्रयोग आम्ही मुलांकडून करून घेतो. प्रत्येक गटाचे आकडे वेगळे येतात आणि आलेख सरळ रेषेत येत नाही. कुठे चुकते? (एक विज्ञान शिक्षक)

उत्तर : आधी आलेखाचे पाहू. उभ्या अक्षावर वेळ आणि आडव्या अक्षावर संहती घेतली, तर रेषा वक्रच यायला हवी. या अभिक्रियेत गंधक तयार होऊन द्रावण गढूळ होते, आणि फुली झाकायला दर वेळी साधारण तेवढेच गंधक लागते. म्हणजे दर हा वेळेच्या व्यस्त प्रमाणात आहे. म्हणून उभ्या अक्षावर १ भागिले वेळ घ्यायचे. आकडे फार बारीक येतात म्हणून १००० भागिले सेकंद घेतले तरी चालते. मग रेषा बऱ्यापैकी सरळ येते. सर्वांत विरल द्रावणाचा बिंदू मात्र रेषेच्या किंचित खाली बसतो. तिथे तेवढेच गंधक तयार व्हायला थायोसल्फेटचा मोठा हिस्सा खर्ची पडतो आणि दर वाटेतच उतरतो. तो बिंदू चुकीचा म्हणून खोडू नका.

प्रमाणे अशी ठेवा. ४० ग्रॅम स्फटिकी सोडियम थायोसल्फेट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून १ लिटर करा. हे सुमारे ०.१६ मोलर होते. त्यातले ५०, ४०, ३०, २० आणि १० मिली पाच शंकुपात्रांत घ्या आणि प्रत्येकात पाणी घालून ५० मिली करा. आता एकेका पात्रात २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५ मिली एकदम ओता, ओतताक्षणी घड्याळ सुरू करा, पात्र दोनदा गोल हलवा आणि फुलीवर ठेवून वरून पाहा.

गटागटांत फरक पडतो तो बहुतेक वेळा पुढच्या गोष्टींमुळे. फुली आपण द्रावणाच्या खोलीतून पाहतो. एखाद्या गटाने १० मिली द्रावणात पाणी घातलेच नाही, किंवा एकाने १०० मिलीचे आणि दुसऱ्याने २५० मिलीचे पात्र घेतले, तर थराची जाडी बदलते आणि वेळही बदलतो. फुली हाताने काढली की कुणाची ठळक, कुणाची फिकट. एकाच कागदाच्या छायाप्रती वाटा. वेळ टिपणारा डोळा प्रयोगभर एकाचाच असावा. आणि स्टॉपवॉचला दोष देण्याआधी भांडी पाहा! आधीच्या फेरीतल्या गंधकाचा पातळ थर काचेला चिकटून राहतो, त्यामुळे पुढची फुली लवकर गेल्यासारखी वाटते. प्रत्येक फेरीनंतर ब्रशने घासलेच पाहिजे. थायोसल्फेटचे द्रावण जुने असेल तर ते आपोआपच गढूळ होऊ लागते, तेव्हा ते त्याच दिवशी बनवलेले घ्या. खोलीचे तापमानही लिहून ठेवा. एका अंशाच्या फरकाने वेळ पाच-सात टक्क्यांनी हलतो, त्यामुळे सकाळच्या आणि दुपारच्या तुकडीचे आकडे एकाच आलेखावर टाकणे बरोबर नाही.

या अभिक्रियेत सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना त्यापासून लांब ठेवा आणि खिडक्या उघड्या ठेवा. फुली गेली की पात्रातले द्रावण लगेच सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात ओता. त्या द्रावणात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-चार थेंब असतील तर गुलाबी रंग गेल्यावर कार्बोनेट संपत आल्याचे कळते.

प्रश्न : तापमान १० अंशांनी वाढले की रेणूंच्या टकरी वाढतात आणि दर दुप्पट होतो, असे वाचले. पण एवढ्याशा वाढीने टकरी दुप्पट कशा होतील? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : होत नाहीत. तुमची शंका रास्त आहे आणि ते वाक्य अर्धवट आहे. वायूतल्या रेणूंचा सरासरी वेग केल्विन तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २५ अंश सेल्सिअस म्हणजे २९८ केल्विन आणि ३५ अंश म्हणजे ३०८ केल्विन. या दोन आकड्यांच्या भागाकाराचे वर्गमूळ सुमारे १.०१७ येते. म्हणजे टकरी वाढल्या जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी. बाकीची सगळी वाढ दुसरीकडून येते.

प्रत्येक टक्कर फळाला येत नाही. जुने बंध सैल होऊन नवे जुळण्यासाठी टकरीत किमान काही ऊर्जा असावी लागते. हीच सक्रियण ऊर्जा. ती मोलमागे ५३ किलोजूल धरा. २५ अंशांना दर १० अब्ज टकरींपैकी सुमारे ५ टकरींत तेवढी ऊर्जा असते. ३५ अंशांना हाच आकडा सुमारे १० होतो. टकरींची संख्या जवळपास तीच, पण कामाच्या टकरी दुप्पट. अर्‍हेनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दराचे तापमानावरचे अवलंबन ज्या समीकरणात मांडले, ते याच अपूर्णांकाभोवती उभे आहे. (कामाच्या टकरीतही रेणू योग्य बाजूने भिडावे लागतात, पण तापमानाच्या हिशेबात त्याचा वाटा किरकोळ.)

आता ‘दुप्पट’ या शब्दाबद्दल. हा नियम नव्हे, ठोकताळा आहे, आणि सक्रियण ऊर्जा ५० किलोजूलच्या आसपास व तापमान खोलीच्या आसपास असेल तरच तो जमतो. सक्रियण ऊर्जा २५ किलोजूल असेल तर त्याच १० अंशांत दर फक्त १.४ पट होतो, १०० किलोजूल असेल तर ३.७ पट. आणि ५३ किलोजूलचीच अभिक्रिया ५०० अंशांवरून ५१० अंशांवर नेली तर दर सुमारे ११ टक्केच वाढतो. परीक्षेत ‘दुप्पट’ लिहायला हरकत नाही, पण भट्टीचे तापमान ठरवताना हा ठोकताळा वापरू नये.

सक्रियण ऊर्जा स्वतः काढायची असेल तर वरचाच फुलीचा प्रयोग २०, ३०, ४० आणि ५० अंशांना करा. त्याच्या वर जाऊ नका, कारण वायू फार सुटतो आणि वेळ इतका कमी होतो की हाताच्या चुकीचे प्रमाण वाढते. आडव्या अक्षावर १ भागिले केल्विन तापमान, उभ्या अक्षावर १ भागिले वेळ याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. उतार ऋण येईल. त्याचे चिन्ह बदलून ८.३१४ ने गुणा, म्हणजे मोलमागे जूल मिळतील. इथे सर्रास होणाऱ्या चुका दोन. एक, तापमान सेल्सिअसमध्येच ठेवणे. दुसरी लक्षात येत नाही : थायोसल्फेट ५० अंशांपर्यंत तापवायचे आणि आम्ल खोलीच्या तापमानाचे ओतायचे. ५० मिली द्रावणात २७ अंशांचे ५ मिली आम्ल पडले की मिश्रण ४८ अंशांवर येते आणि दरात बारा-पंधरा टक्क्यांचा घोळ होतो. म्हणून आम्लाची परीक्षानळीही त्याच गरम पाण्यात उभी ठेवा. मिसळल्यावरचे आणि फुली गेल्यावेळचे, अशी दोन तापमाने घेऊन सरासरी वापरा.

प्रश्न : ऑक्झॅलिक आम्लाच्या अनुमापनात (दुसरे द्रावण थेंबाथेंबाने घालून ते नेमके किती लागते हे मोजताना) पोटॅशिअम परमँगनेटचा पहिला थेंब बराच वेळ गुलाबी राहतो, पुढचे थेंब मात्र पडताच रंगहीन होतात. संहती तर कमी होत जाते, मग दर वाढतो कसा? (प्रयोगशाळा साहाय्यक)

उत्तर : कारण या अभिक्रियेचा उत्प्रेरक, म्हणजे दर वाढवून शेवटी परत मिळणारा पदार्थ, अभिक्रियेतच तयार होतो. परमँगनेटचे मँगनीज शेवटी द्विसंयुजी मँगनीज आयनाच्या रूपात उतरते आणि हाच आयन पुढची अभिक्रिया वेगाने घडवतो. पहिला थेंब पडतो तेव्हा तो आयन जवळपास नसतोच. याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात.

डोळ्यांनी खात्री करून घ्या. दोन परीक्षानळ्यांत प्रत्येकी ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल ५ मिली आणि १ मोलर सल्फ्युरिक आम्ल ५ मिली घ्या. एका नळीत मँगनीज सल्फेटचे तीन-चार स्फटिक विरघळवा. मग दोन्हींत खोलीच्या तापमानालाच ०.०२ मोलर परमँगनेट १ मिली एकाच वेळी घाला आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. साधी नळी बराच वेळ गडद गुलाबीच राहते. नंतर तिचा रंग तपकिरी-नारिंगी, मग पिवळसर होतो आणि शेवटच्या टप्प्यात चटकन नाहीसा होतो. स्फटिक घातलेल्या नळीत सुरुवातीचा थांबा उरतच नाही, रंग लगेच बदलू लागतो.

अनुमापनात पाळायच्या गोष्टीही यातूनच येतात. ६.३ ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल लिटरभर पाण्यात म्हणजे ०.०५ मोलर, ३.१६ ग्रॅम परमँगनेट लिटरभर पाण्यात म्हणजे ०.०२ मोलर. या प्रमाणात १० मिली आम्लाला सुमारे १० मिली परमँगनेट लागते. आम्लात तेवढेच १ मोलर सल्फ्युरिक आम्ल घालून ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा. उकळू देऊ नका, ऑक्झॅलिक आम्लाचे विघटन होऊन पाठ्यांक कमी येतो. पहिला थेंब विरेपर्यंत थांबा. घाईने दोन-तीन मिली एकदम सोडले किंवा सल्फ्युरिक आम्ल कमी पडले, तर तपकिरी मँगनीज डायऑक्साइडचा अवक्षेप येतो, आणि ते अनुमापन पुन्हा करण्यावाचून गत्यंतर नसते. सल्फ्युरिकच्या जागी हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण परमँगनेट त्याचेही ऑक्सिडीकरण करून क्लोरीन काढते. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. शेवटाकडे द्रावण गार झाले तर दर मंदावतो आणि थेंबाचा गुलाबी रंग रेंगाळून अंत्यबिंदू आल्याचा भास होतो. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली आणि द्रावण अजून गरम असले, तरच अंत्यबिंदू माना.

प्रश्न : मॅग्नेशिअमची फीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली तर तिथेही आधी संथ, मग जलद असेच दिसते. हेही स्वयंउत्प्रेरणच का?

उत्तर : नाही. आलेख तसाच दिसतो, कारणे निराळी. पहिले कारण फितीवरचा ऑक्साइडचा थर. आम्ल तो आधी खाते आणि तोवर हायड्रोजन येत नाही. फीत बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी चकचकीत होईपर्यंत घासा, सुरुवातीचा थांबा गेलेला दिसेल.

दुसरे कारण उष्णता. हिशेब करून पाहा. ०.०४८ ग्रॅम मॅग्नेशिअम म्हणजे ०.००२ मोल, त्यातून खोलीच्या तापमानाला सुमारे ४८ मिली हायड्रोजन आणि सुमारे ०.९३ किलोजूल उष्णता मिळते. ही उष्णता ५० मिली आम्लात पसरली तर तापमान साडेचार अंशांच्या आसपास वाढते. आम्ल १० मिलीच घेतले तर वाढ २२ अंशांपर्यंत जाते! मग आपण संहतीचा परिणाम मोजतो आहोत की तापमानाचा, हेच कळेनासे होते. म्हणून आम्ल नेहमी भरपूर घ्या. १ मोलरचे ५० मिली घेतल्यास त्यातले जेमतेम ८ टक्के खर्च होते, त्यामुळे संहतीही जवळपास स्थिर राहते.

प्रश्न : उत्प्रेरक वापरला की उत्पादित जास्त मिळते का? आणि तो ‘भाग घेत नाही’ हे खरे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. तो भाग घेतो, चांगलाच घेतो, पण शेवटी परत मिळतो. त्याच्यामुळे अभिक्रियेला वेगळी वाट मिळते आणि त्या वाटेवरची सक्रियण ऊर्जा कमी असते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनाला नुसत्या पाण्यात मोलमागे सुमारे ७५ किलोजूल लागतात, आयोडाइड आयन असल्यास सुमारे ५७. फरक १८ किलोजूलचा वाटतो. पण बाकी सारे समान धरले तर खोलीच्या तापमानाला तेवढ्याने दर हजार पटींहून अधिक वाढतो.

उत्पादिताचे मोजून पाहायचे तर ‘२० व्हॉल्यूम’ पेरॉक्साइड घ्या. १ मिली द्रावणातून २० मिली ऑक्सिजन, असा त्या आकड्याचा अर्थ. ४ मिली पेरॉक्साइडमध्ये ४० मिली पाणी घालून त्यात ०.१ ग्रॅम मँगनीज डायऑक्साइड टाका आणि १०० मिलीच्या वायू-सिरिंजमध्ये दर १० सेकंदांनी वाचन घ्या. मग ०.२ आणि ०.३ ग्रॅम घेऊन तेच करा. सुरुवातीचा चढ वाढत जाईल, पण तिन्ही आलेख एकाच उंचीवर सपाट होतील. पुष्कळजण हिशेबाने बरोबर १०० मिली वायू येईल म्हणून ५ मिली पेरॉक्साइड घेतात आणि सिरिंजचा दट्ट्या बाहेर उडतो. बाटलीवरचा आकडा शून्य अंश सेल्सिअसचा असतो. २५ अंशांना तोच वायू नऊ टक्के फुगतो, वर पाण्याची वाफ वेगळी. अभिक्रियेनंतर मँगनीज डायऑक्साइड गाळून, धुऊन, वाळवून तोला. वजनात जी घट दिसेल ती गाळणकागदाला चिकटलेल्या भुकटीची.

उलटसुलट दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अभिक्रियेत उत्प्रेरक दोन्ही दिशांचा दर सारख्याच पटीने वाढवतो, त्यामुळे समतोल जागचा हलत नाही. तरीही कारखान्यात उत्पादन वाढते ते आडमार्गाने. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवणे ही उष्णता देणारी अभिक्रिया आहे, म्हणजे समतोलात अमोनियाचे प्रमाण कमी तापमानाला जास्त. पण कमी तापमानाला अभिक्रिया हलतच नाही. लोहाचा उत्प्रेरक वापरला की ४०० ते ५०० अंशांवर काम भागते. तो नसता तर आणखी तापवावे लागले असते आणि अमोनिया आणखी कमी मिळाला असता. या उत्प्रेरकाला गंधकाची संयुगे चालत नाहीत. ती लोहाच्या पृष्ठभागावर घट्ट बसतात आणि जागा अडवतात, म्हणून वायू आत सोडण्याआधीच ती काढून टाकतात.

प्रश्न : संगमरवराचे तुकडे विरल सल्फ्युरिक आम्लात टाकले. बुडबुडे आले आणि थोड्याच वेळात थांबले. आम्ल तर शिल्लक होते.

उत्तर : तुकड्यांवर कॅल्शिअम सल्फेटचा थर बसला. तो पाण्यात फार कमी विरघळतो, त्यामुळे आतल्या कार्बोनेटपर्यंत आम्ल पोचत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरा, कॅल्शिअम क्लोराइड सहज विरघळते. भुकटी आणि तुकडे यांची तुलना करताना वस्तुमान दोन्हीकडे तेच ठेवा. १ सेंमी बाजूच्या घनाचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंमी असते. त्याचे १ मिमीचे १००० घन केले तर ६० चौरस सेंमी होते. भुकटी याहून कितीतरी बारीक असते, तेव्हा आम्ल थोडे थोडे ओता, नाहीतर फेस पात्राबाहेर येतो आणि वस्तुमानातली घट मोजण्यात अर्थ राहत नाही. १ ग्रॅम शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेटमधून ०.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो. तराजू त्याहून जास्त घट दाखवत असेल तर तुषार उडाले आहेत. पात्राच्या तोंडाशी कापसाचा सैल बोळा लावा.

प्रश्न : संतुलित समीकरणातले सहगुणक घेऊन दराचा नियम लिहिला तर चालतो का?

उत्तर : एकाच पायरीत घडणाऱ्या अभिक्रियेलाच चालतो. समीकरण पाहून पायऱ्या किती हे कळत नाही, म्हणून कोटी, म्हणजे दर संहतीच्या कितव्या घातावर अवलंबून आहे तो आकडा, प्रयोगानेच ठरवावी लागते. ॲसिटोन आणि आयोडीन यांची आम्लयुक्त द्रावणातली अभिक्रिया करून पाहा. समीकरणात आयोडीन आहे, पण त्याची संहती दुप्पट केली तरी दर तोच राहतो. ॲसिटोन किंवा आम्ल दुप्पट केले की मात्र दर दुप्पट होतो. आम्ल समीकरणाच्या डाव्या बाजूला नसतेच! सर्वांत संथ पायरी ॲसिटोन आणि आम्ल यांची आहे. आयोडीन त्यानंतर येते आणि आल्याबरोबर वापरले जाते. तपकिरी रंग फिका होताना पाहिला तर तो शेवटपर्यंत एकाच गतीने उतरतो, हीच शून्य कोटीची खूण.

प्रश्न : बंद भांड्यातल्या वायूंच्या मिश्रणात अरगॉन भरून दाब वाढवला तर दर वाढेल का?

उत्तर : भांड्याचे आकारमान तेच असेल तर नाही. एकूण दाब वाढला तरी अभिकारकांचे रेणू दर लिटरला तेवढेच राहिले. दट्ट्या दाबून आकारमान कमी केले तर दर वाढेल.

प्रश्न : तापवल्यावर मंदावणारी एखादी अभिक्रिया आहे का?

उत्तर : आहे. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांपासून नायट्रोजन डायऑक्साइड होताना तापमान वाढवले की दर घटतो. आधी नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू तात्पुरते जोडीने येतात, मग त्या जोडीला ऑक्सिजन भिडतो. जोडी जमताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवले की जोड्या फुटतात. दुसऱ्या पायरीचा दर तापमानाने थोडा वाढतो, पण जोड्यांची संख्या त्याहून जास्त घटते. नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात ऑक्सिडीकरणाच्या या टप्प्याआधी वायू थंड करतात, त्याचे एक कारण हेच. विकरांच्या अभिक्रियाही ठरावीक तापमानापुढे मंदावतात, पण तिथे विकराचा रेणूच उलगडून निकामी होतो आणि पुन्हा थंड केले तरी बहुधा पूर्ववत होत नाही. नायट्रिक ऑक्साइडचे मिश्रण थंड केले की दर परत वाढतो. एखादी अभिक्रिया तापवल्यावर मंदावली तर ती या दोन्हींपैकी कोणत्या प्रकारची, हे ओळखायची सोपी रीत हीच : पुन्हा थंड करा आणि दर मोजा.